स्पेअरच्या डब्यातून सी हॉक : जुनं विमान-किट सुधारताना

गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळ्याला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर ठेवलेल्या विमानांमध्ये एक सी हॉक आहे, जहाजावरून उडणारं जुनं लढाऊ जेट. पहिल्यांदा त्याच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा माझी नजर खिळली ती पंखाच्या मुळाशी, मागच्या बाजूला. जेट विमानाचा झोत शेपटीतून बाहेर पडतो हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की इथे शेपटीचं टोक निमुळतं आणि बंद आहे हे आधी कळतच नाही. एकाच इंजिनाचा झोत आत दुभंगतो आणि धडाच्या डाव्या-उजव्या कुशीतल्या दोन तोंडांतून बाहेर पडतो. वाकून आत पाहिलं की खोलवर अंधार दिसतो.

घरी आलो आणि कपाटातलं त्याच विमानाचं जुनं 1/72 किट (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल) काढलं. त्यातही ती दोन्ही तोंडं होती, पण प्लास्टिकने बुजलेली. आत जेमतेम नखभर खळगा. कॉकपिटमध्ये सीटच्या जागी एक खुंटी आणि तिच्यावर बसवायचा ठोकळेबाज वैमानिक. बाह्यरेषा मात्र सुरेख होती. जुन्या किटचं बहुतेकदा असंच असतं : आकार बरोबर, तपशील गायब. असं किट टाकून द्यायचं नसतं. इतर किटमधून उरलेले भाग, थोडं प्लास्टिक आणि चार-पाच संध्याकाळी एवढ्यावर ते पाहण्यासारखं होतं.

हा लेख मॉडेलिंगमध्ये नव्याने आलेल्यांसाठी आहे. एक-दोन किट सरळ खोक्यातल्या सूचनेप्रमाणे जोडून झाली असतील, तर पुढचं सगळं तुम्हाला जमेल. उदाहरण सी हॉकचं घेतलं आहे, पण पद्धत कुठल्याही जुन्या किटला लागू पडते.

आधी एक विमान ठरवा

"सी हॉक बनवतोय" एवढं पुरत नाही. कुठलं सी हॉक, कुठल्या वर्षीचं, हे ठरल्याशिवाय स्पेअरचा, म्हणजे इतर किटमधून उरलेल्या भागांचा, डबा उघडू नका. नाहीतर हाताला लागेल तो भाग चिकटवला जातो आणि शेवटी जे उभं राहतं ते कुठल्याच खऱ्या विमानासारखं दिसत नाही.

आपल्या नौदलाच्या सी हॉकमध्ये निवडायला भरपूर आहे. या विमानाचा मूळ नमुना 2 सप्टेंबर 1947 रोजी उडाला. आराखडा हॉकर कंपनीचा, पण बहुतेक विमानं बांधली आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने. भारतीय नौदलाची 300 क्रमांकाची स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स, 1960 मध्ये याच विमानावर उभी राहिली. 1961 मध्ये विमानवाहू जहाज विक्रांत आली. डिसेंबर 1971 मध्ये विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. 1983 मध्ये सी हॅरियर ही नवी जेट विमानं आली आणि सी हॉकचा काळ संपला. वीस वर्षांहून जास्त सेवा, त्यात रंग बदलले, खुणा बदलल्या.

एक मुद्दा फार जणांकडून सुटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. आपली काही सी हॉक थेट ब्रिटनकडून आली, तर 1960 च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली 28 विमानं आपण घेतली. जर्मनांनी आपल्या विमानांचा शेपटीवरचा उभा पंख उंच करून घेतला होता. म्हणजे तुम्ही निवडलेलं विमान मुळात जर्मन असेल, तर ब्रिटिश विमानाच्या किटमधला उभा पंख त्याला बुटका पडणार. अशा वेळी डब्यातल्या एखाद्या जाड पंखाचा तुकडा वर जोडून, घासून उंची वाढवावी लागते. पहिल्याच प्रयत्नात ते नको असेल तर सरळ ब्रिटनहून आलेलं विमान निवडा. पण निवड फोटो पाहून करा.

फोटोंबाबत एक पथ्य पाळा. संग्रहालयातल्या विमानावरून आकार घ्या, चाकांची नक्षी घ्या, दारांची जाडी घ्या. रंग घेऊ नका. समुद्राच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या विमानांना पुन्हा पुन्हा रंग दिला जातो, आणि तो सेवेतल्या रंगासारखाच असेल असं नाही. रंगासाठी त्या काळातले फोटो शोधा.

मोजल्याशिवाय काही चिकटवायचं नाही

1/72 म्हणजे मॉडेलवरचा 1 मिलिमीटर हा खऱ्या विमानावर 72 मिलिमीटर. एक फूट म्हणजे 4.2 मिलिमीटर. पावणेसहा फुटांचा माणूस उभा केला तर 24 मिलिमीटरच्या आसपास. एवढी तीन गणितं टेबलासमोर कागदावर लिहून चिकटवा, निम्म्या चुका तिथेच टळतील.

सी हॉकची पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी 11.89 मीटर आणि एकूण लांबी 12.09 मीटर. भागाकार केला की मॉडेल अनुक्रमे 165 आणि 168 मिलिमीटर यायला हवं. धडाचे दोन्ही अर्धे आणि पंख टेपने तात्पुरते जोडून पट्टीवर ठेवा. एक-दीड मिलिमीटरचा फरक सोडून द्या, तो कुणाच्या डोळ्याला दिसत नाही.

लहान भागांची मापं पुस्तकात सहसा मिळत नाहीत. ती फोटोवरून काढायची. विमानाचा अगदी बाजूने घेतलेला फोटो घ्या, कागदावर छापा, पट्टीने विमानाची लांबी मोजा आणि चाकाचा व्यास मोजा. समजा छापील फोटोत विमान 240 मिलिमीटर आलं आणि चाक 12. म्हणजे चाक लांबीच्या विसाव्या भागाएवढं. मॉडेलची लांबी 168, तिचा विसावा भाग 8.4. तेवढ्या व्यासाचं चाक डब्यात शोधायचं. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही मोजा. तिरक्या फोटोवरून मात्र हे करू नका, लांबी आक्रसलेली असते आणि चाक उगाच मोठं निघतं.

डबा लावून घ्या

आजच्या किटमध्ये गरजेपेक्षा जास्त भाग येतात : दोन प्रकारची चाकं, तीन प्रकारचे बॉम्ब, जादा टाक्या, कधी दोन सीट. जे वापरलं नाही ते स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) कापून ठेवायची सवय लावा. माझ्याकडे मिठाईचे प्लास्टिकचे डबे आहेत. एकात चाकं, एकात सीट आणि कॉकपिटचे तुकडे, एकात शस्त्रं आणि टाक्या, एकात पारदर्शक भाग. पारदर्शक भाग वेगळेच ठेवा, इतरांबरोबर घासून त्यांना चरे पडतात.

प्रत्येक भाग लहान पिशवीत आणि आत चिठ्ठी : कुठलं विमान, कुठली स्केल. ही चिठ्ठी लिहायचा कंटाळा करू नका. 1/48 ची सीट 1/72 पेक्षा दीडपट मोठी असते, पण एकटी हातात घेतली तर ते लक्षात येत नाही. कॉकपिटमध्ये बसवून, चिकटवून, वर कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) ठेवायला गेलं की कळतं.

डब्यात फक्त किटचे भाग असावेत असंही नाही. जुन्या सीडीची पारदर्शक डबी पॉलिस्टायरीनची असते, म्हणजे आपल्या किटच्याच जातीची. तिच्या तुकड्यातून पंखावरचे दिवे घासून काढता येतात. डब्याच्या बुडाला त्रिकोणात 6 हा आकडा असेल तर तेही पॉलिस्टायरीन, प्लास्टिक सिमेंटने (किट जोडायच्या गोंदाने) छान जुळतं. आकडा 5 असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला सिमेंट धरत नाही, मागे लागू नका. इंजेक्शनच्या नव्या, न वापरलेल्या सुया, इअरफोनच्या वायरमधली तांब्याची तार, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी फॉइल, हे सगळं जमवा.

कॉकपिट

सुरुवात इथून, कारण धड एकदा बंद झालं की आत हात जात नाही. आणि पाहणारा माणूसही पहिल्यांदा इथेच डोकावतो.

आधी सगळे भाग कोमट पाण्यात साबण घालून धुवा. जुन्या किटवर साच्यातलं तेल राहिलेलं असतं, रंग धरत नाही. मग वैमानिकाची खुंटी कापा आणि आतून घासून सपाट करा. धड टेपने बंद करून आतली रुंदी मोजा, तेवढा तळ प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापा, मागची भिंत आणि दोन्ही बाजूंचे कट्टे लावा. तळ किती खोल बसवायचा हे सीट ठेवून ठरवा : वैमानिकाचं डोकं कॅनोपीच्या आत, पण नजर पुढच्या काचेतून बाहेर जाईल इतकं वर.

आता सीट. स्पेअर निवडताना स्केल जुळली म्हणजे झालं असं नाही. देश आणि काळही जुळायला हवा. सी हॉकमध्ये मार्टिन-बेकरची सुरुवातीच्या पिढीतली इजेक्शन सीट होती. त्या सीटची ठळक खूण म्हणजे डोक्यावरची दुहेरी कडी. वैमानिक ती दोन्ही हातांनी ओढून तोंडावर पडदा घ्यायचा आणि सीट उडायची. म्हणून डोनर (ज्या किटमधून भाग घ्यायचा ते) शोधायचा तो त्याच घराण्यातला. हंटरच्या किटमधली जादा सीट उत्तम. नॅटची घेऊ नका : तेही ब्रिटिश विमान, आपल्या हवाई दलाचं लाडकं, पण त्यात फॉलंडची स्वतःची हलकी सीट होती, तिचा आकारच वेगळा. सी हॅरियरचीही नको. स्क्वाड्रन तीच असली तरी सीट पार पुढच्या पिढीची, तिच्या डोक्यावर ती कडी नसतेच. रशियन विमानाच्या सीटचं तर विचारायलाच नको.

योग्य सीट मिळाली नाही तर जवळची घेऊन बदला. माझ्या सी हॉकला मी जी सीट घेतली तिच्या डोक्याचा भाग कापून पॉलिश पेपरवर घासला. इअरफोनच्या तारेचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकडा सुईभोवती अर्धा वेढा देऊन वाकवला, आणि वर शेजारी शेजारी चिकटवले. त्यांना पिवळा रंग देऊन टूथपिकच्या टोकाने काळे पट्टे ओढले. बघायला गेलं तर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी गोष्ट, पण कॅनोपीतून सगळ्यात आधी तीच दिसते.

वैमानिकाला सीटला बांधणारे पट्टे मास्किंग टेपचे करा. खरा पट्टा 45 ते 50 मिलिमीटर रुंद, म्हणजे आपल्याला 0.6 ते 0.7 मिलिमीटर हवा. काचेवर टेप चिकटवून, नवं ब्लेड लावून, स्टीलच्या पट्टीने कापा. जाड पट्टा सीटची सगळी शोभा घालवतो, त्यामुळे चार फुकट गेले तरी चालतील, पाचवा लावा. 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश जेटचं कॉकपिट आतून बहुधा काळं असे. शुद्ध काळा देऊ नका, त्यात थोडा राखाडी मिसळा, म्हणजे कडांवर कोरड्या ब्रशने हलका हात फिरवला की उठाव येतो. उपकरणांच्या तबकड्यांसाठी उरलेल्या डिकलमधून (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमधून) पॅनेल कापा. ते नेमकं सी हॉकचं नसलं तरी या स्केलला ते कुणी ओळखणार नाही. इथे मी हट्ट धरत नाही, सीटबाबत धरतो.

एक्झॉस्ट आणि हवेची तोंडं

ज्यासाठी हे किट काढलं ते काम हे. धडाचा प्रत्येक अर्धा हातात घ्या. बुजलेल्या तोंडाच्या आत कडेपासून अर्धा मिलिमीटर सोडून बारीक ड्रिलने ठिपक्यांची रांग पाडा. ठिपके ब्लेडने जोडा, मधला तुकडा आत ढकला, मग गोल कानशीने कड साफ करा. ब्लेड नेहमी स्वतःपासून दूर चालवा. घाई केली की पातळ ओठ तुटतो, आणि तो परत बांधणं फार कटकटीचं असतं.

आता भोक आहे, पण आत पाहिलं तर धडाची रिकामी पोकळी दिसते. इथे डबा कामाला येतो. जुन्या ड्रॉप टँकचे (पंखाखालच्या जादा इंधनटाकीचे) अर्धे भाग आतून पोकळ आणि हळूहळू वळणारे असतात, अगदी नळीच्या भिंतीसारखे. मी तीन टाक्या तोंडाला लावून पाहिल्या. एकीचा घेर बसला. तिचा 15 मिलिमीटरचा तुकडा कापला, दोन्ही अर्धे जोडून नळी केली, आतून आधीच गडद धातूचा रंग दिला आणि तोंडामागे किंचित आतल्या बाजूला वळवून चिकटवली. आतलं टोक काळ्या पत्र्याने बंद केलं. अंधार दिसायला तेवढी खोली पुरते.

पुढे, पंखांच्या मुळाशी असलेल्या हवेच्या तोंडांतून आरपार दिसत असेल तर तिथेही आत काळा रंगवलेला आडवा पत्रा लावा. नाकाखालच्या तोफांची भोकं सुईच्या टोकाने खूण करून बारीक ड्रिलने उघडा. सी हॉकवर 20 मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा होत्या. 20 भागिले 72 म्हणजे 0.28 मिलिमीटर. यावरून लक्षात येईल की मोठं भोक पाडलं तर ती तोफ न दिसता गटाराचा पाइप दिसेल. 0.4 किंवा 0.5 चं ड्रिल पुरे.

नाकात वजन

पुढे चाक असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून धड बंद करण्यापूर्वी नाकात वजन भरा. सायकलच्या दुकानातले छर्रे घ्या आणि एम-सीलमध्ये रुतवा. शिशाचे तुकडे पांढऱ्या गोंदात बसवू नका : गोंदातल्या आम्लाने शिसं हळूहळू फुगतं आणि काही वर्षांनी जोड उकलतो. वजन पुरलं का हे पाहायला सगळं टेपने जोडा आणि मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून बघा. नाक खाली गेलं पाहिजे.

पंख

इथे स्पेअर भाग लागत नाहीत, पण जुनं किट जुनं दिसतं ते सगळ्यात जास्त पंखांच्या मागच्या कडेमुळे. कड 1 मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या विमानावर ती 7 सेंटिमीटरची झाली. काचेवर 220 चा पॉलिश पेपर चिकटवा आणि पंखाचे वरचे-खालचे अर्धे आतल्या बाजूने, मागची कड टेकवून, गोल गोल घासा. दर मिनिटाला उजेडाकडे धरून बघा. कड किंचित पारदर्शक वाटायला लागली की थांबा. मग चिकटवा.

पॅनेलच्या उठावदार रेषांचं काय करायचं, हा प्रश्न नव्या माणसाला फार छळतो. सगळ्या घासून सगळ्या नव्याने कोरायला बसलात तर किट पुन्हा कपाटात जाईल, हे मी अनेकांचं पाहिलं आहे. माझा सल्ला : 800 च्या वॉटर पेपरने पाणी लावून रेषा निम्म्या उतरवा आणि फक्त हलणारे भाग कोरा. एलेरॉन, फ्लॅप, मागचा रडर आणि सी हॉकवर पंख दुमडण्याची रेषा. ती रेषा हवीच, जहाजावरच्या विमानाची ती ओळख आहे. रेषेवर जाड टेपचे दोन-तीन थर एकावर एक लावून कड तयार करा आणि जाड सुई अगदी हलक्या हाताने, वजन न देता, आठ-दहा वेळा ओढा. पहिल्याच फेरीत खोल कोरायला गेलात की सुई निसटते.

पंख दुमडलेले दाखवायचा मोह होईल. पहिल्या वेळी नको.

चाकं, दारं आणि पंखाखालचं सामान

चाक मोजमापाने शोधा आणि मग नक्षी पाहा : मधल्या तबकडीला भोकं आहेत का, आरे आहेत का, ती सपाट आहे का. व्यास बरोबर पण टायर जाड असेल तर मागची बाजू घासून पातळ करा, पुढची नक्षी तशीच राहते. नक्षी बरोबर पण व्यास थोडा लहान असेल तर चालवून घ्या. तळाला पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासलं की टायर वजनाने दबल्यासारखं दिसतं. जास्त नको, पंक्चर वाटतं.

चाकांच्या दारांची पूर्ण जाडी कमी करायची गरज नसते. आतल्या बाजूने फक्त कड तिरकी तासा. डोळा कडेवरून जाडी ठरवतो.

पंखाखाली काय लावायचं हे तुमच्या फोटोवर सोडा. डब्यात सगळ्यात जास्त भरणा अमेरिकन बॉम्बचा असतो, कारण ते प्रत्येक किटमध्ये येतात. त्यांचा 500 पौंडी मार्क 82 सडपातळ असतो, 273 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मॉडेलवर 3.8. सी हॉकच्या काळातले ब्रिटिश बॉम्ब जाड आणि बुटके. त्यामुळे जुन्या ब्रिटिश किटमधले असतील तरच लावा, नाहीतर पंख मोकळे ठेवा. मोकळे पंख चुकीचे कधीच नसतात. टाक्या लावणार असाल तर दोन्ही एकाच किटमधल्या घ्या.

कॅनोपी

जुन्या किटची कॅनोपी जाड, चरे पडलेली आणि कधी पिवळसर असते. दुसऱ्या किटमधली कॅनोपी बसेल ही आशा सोडा, धडाची रुंदी आणि वळण दोन्ही जुळणं दुर्मीळ. किटच्या मूळ कॅनोपीवरच मेहनत घ्या.

1000 चा वॉटर पेपर, पाणी आणि साबणाचा थेंब. एकाच दिशेने घासा. कॅनोपी पूर्ण धुरकट होईल, घाबरू नका. मग 1500, या वेळी आडव्या दिशेने, म्हणजे आधीचे चरे गेले का ते दिसतं. मग 2000. शेवटी मऊ सुती कापडावर गाडीचं पॉलिश किंवा साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन दहा मिनिटं. धुवा आणि बघा. आतली बाजूही तशीच, फक्त बोटाऐवजी कापूस गुंडाळलेली काडी. खाली बोटाचा आधार ठेवा, जुनं पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं.

सी हॉकची कॅनोपी मागे सरकायची. उघडी दाखवायची तर पुढच्या काचेपासून ती कापावी लागते आणि जाडी मग उघडी पडते. एवढी सुरेख सीट दिसावी असं वाटणारच, मलाही वाटलं. त्यासाठी पातळ कॅनोपी हवी, आणि ती घरी ओढता येते : जुन्या कॅनोपीच्या आत एम-सील गच्च भरायचं, त्यात काडी रोवायची, रात्रभर वाळू द्यायचं. केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण लाकडी चौकटीला ठोकायचं, गॅसपासून बरंच वर धरून मऊ करायचं, आणि ते लोंबायला लागलं की एका दमात साच्यावर दाबायचं. पाचातली एक चांगली निघते. यात मूळ कॅनोपी साच्यात अडकून कायमची जाते, म्हणून पहिल्या किटला बंद कॅनोपीच बरी. आणि ही कामं खिडकी उघडी ठेवून, मुलं असतील तर मोठ्यांनी शेजारी बसून करायची.

चिकटवताना इन्स्टंट ग्लू अजिबात नाही. माझ्या पहिल्या सी हॉकची कॅनोपी मी त्यानेच लावली. रात्री स्वच्छ होती, सकाळी आतून पांढरी साय धरलेली. वाफ आत अडकते आणि काचेवर बसते. तीन संध्याकाळी केलेलं कॉकपिट त्या धुक्यामागे गेलं ते गेलंच, कॅनोपी काढताना पुढची काचही तुटली. तेव्हापासून पांढरा फेविकॉल, टूथपिकने, चिमूटभर. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि कडेची बारीक फटही भरून काढतो.

जोड लपवणं, रंग, डिकल

या टप्प्यावर मॉडेल गोधडीसारखं दिसतं : एक भाग राखाडी, एक हिरवा, एक पांढरा, मध्ये पुट्टी. अशा रंगीबेरंगी पृष्ठभागावर डोळ्याला जोड कळत नाही. म्हणून सगळ्यावर राखाडी प्रायमरचा एक पातळ हात द्या. लगेच प्रत्येक पायरी, प्रत्येक खड्डा उघडा पडतो. तिथे पुट्टी, घासणं, पुन्हा प्रायमर. माझं हे तीनदा झालं. गाडीची पुट्टी वापरत असाल तर पातळ थर द्या, तिच्यातलं थिनर प्लास्टिक खातं.

रंगकामावर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच की निवडलेल्या वर्षाचा फोटो समोर ठेवा.

जुनी डिकल पिवळी पडली असतील तर शीट पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून, छापील बाजू उन्हाकडे करून चिकटवा. आठवडा-दोन आठवड्यांत पिवळेपणा उतरतो. वापरण्याआधी वरून पारदर्शक लॅकरचा एक हात द्या, नाहीतर पाण्यात तुकडे होतात. एखादं नको असलेलं डिकल आधी पाण्यात टाकून चाचणी घ्या. किटमध्ये फक्त ब्रिटिश खुणा असतील तर भारतीय वर्तुळं छापून घ्यावी लागतात : बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि गडद राखाडीवर केशरी मळकट दिसतो. त्यासाठी आधी त्याच मापाची पांढरी तबकडी रंगवा किंवा डब्यातल्या पांढऱ्या डिकलमधून कापून लावा, वर छापलेलं वर्तुळ. दोन्ही तंतोतंत एकावर एक येईपर्यंत ओल्या ब्रशने सरकवत राहा.

अगदी शेवटी अँटेना आणि पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी), कारण हात लागून तुटणारे भाग तेच. पिटोसाठी इंजेक्शनची सुई, कापलेली कड घासून. अँटेनासाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, फिरवत धरा. मऊ होऊन वाकला की बाजूला घ्या, क्षणभर थांबा आणि दोन्ही हातांनी सावकाश ताणा. केसाएवढा धागा निघतो.

मग टेबल आवरताना किटची मूळ चाकं, मूळ वैमानिक, न लावलेल्या टाक्या आणि टाकीचा उरलेला अर्धा भाग कचऱ्यात टाकू नका. पिशवीत घाला आणि चिठ्ठी लिहा : सी हॉक, 1/72, मूळ चाकं, व्यास इतका.